श्रावणात ग्रीस: आईला घेऊन चाललोय, तिथलं खरं घरगुती जेवण कुठे मिळेल?

जाईजुई

३१ जुलै ते १३ ऑगस्ट आम्ही ग्रीसला चाललोय. मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. अथेन्स ३ रात्री, क्रीट बेटावर खान्या ६ रात्री आणि नाक्सोस बेटावर ४. तिकिटं, हॉटेलं सगळं झालंय. अडलंय ते जेवणावर.

आई ७१ वर्षांची. अंडंसुद्धा न खाणारी. यंदा श्रावण जुलैतच लागतोय आणि ती श्रावणात कांदा-लसूण खात नाही, सोमवारी उपास करते. ट्रॅव्हल कंपनीने तिन्ही ठिकाणच्या भारतीय हॉटेलांची यादी पाठवली. आईने ती वाचली आणि म्हणाली, "अगं, एवढ्या लांब जाऊन पनीर बटर मसालाच खायचा असेल तर सिंहगड रोड काय वाईट आहे? तिथल्या बायका घरी काय रांधतात ते मला खाऊन बघायचंय."

तर जाणकारांनो, तिथे घरच्यासारखं जेवण कुठे मिळतं, ते ओळखायचं कसं, आणि आईच्या नेमात बसेल असं त्यात काय असेल? आम्ही तिघं मासे-मटण खातो, त्याबद्दलही सांगा. पण आधी आई.

भटकभवानी

कांदा-लसूण नको असेल तर खरंच अवघड आहे. दोन वर्षांपूर्वी मी सांतोरिनीला गेले होते. सगळीकडे ग्रीक सॅलड, फ्राइज आणि चीजच्या पॅटिससारखं काहीतरी. चौथ्या दिवशी माझ्या जाऊबाई रडकुंडीला आल्या होत्या. दशम्या, मेतकूट, इन्स्टंट उपमा भरपूर न्या.

अथेन्सवासी

भटकभवानी, तुमचा अनुभव खरा असणार, पण तो समुद्र दिसणाऱ्या गच्चीवरच्या हॉटेलांचा आहे. माझी इथे सहा वर्षं झाली आणि मी स्वतः शाकाहारी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाईजुई, एक शब्द पाठ करून ठेवा: मायिरिओ. आपल्याकडच्या खानावळीला सगळ्यात जवळची जागा. सकाळी सात-आठपासून आत मोठ्या परातींत आणि पातेल्यांत रांधणं सुरू होतं आणि बारा-साडेबाराला काचेमागे सगळं मांडून ठेवतात. मेनूकार्ड असलंच तर नावाला. आत जायचं, बघायचं, बोट दाखवायचं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही, उलट मालक झाकण उघडून दाखवतो. ही दुपारची जागा आहे. दोन-तीन वाजता गर्दी असते आणि चार-पाचला परात रिकामी. रात्री त्याच शोधात निघालात तर बहुतेक भाजलेलं मांस आणि तळलेलं मिळेल. म्हणून तुमच्या आईंचं मुख्य जेवण दुपारी ठेवा, रात्री हलकं.

दुसरा शब्द लादेरा. लादी म्हणजे तेल, अर्थात ऑलिव्हचं. भाज्या टोमॅटो आणि भरपूर तेलात मंद आचेवर शिजवतात त्याला लादेरा म्हणतात. फासोलाकिया म्हणजे फरसबी, बामियेस म्हणजे भेंडी, ब्रियाम म्हणजे बटाटा, वांगं, झुकिनी एकत्र ओव्हनमध्ये, यीगान्देस म्हणजे आपल्या पावट्यापेक्षा चौपट मोठे पांढरे वाल, आणि येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या. येमिस्त्यात कधी खिमा असतो, कधी नसतो. खिमा नसला तर त्यांना लाडाने 'ओर्फाना' म्हणतात, म्हणजे अनाथ. तेवढा एक शब्द विचारून घ्या. द्राक्षाच्या पानांच्या बिनमांसाच्या गुंडाळ्यांना 'यालान्जी' म्हणतात. तो मुळात तुर्की शब्द, अर्थ खोटारडा.

तिसरी गोष्ट म्हणजे तुमच्या तारखा. १ ते १४ ऑगस्ट हा इथला उपवासाचा काळ असतो. १५ ऑगस्टला मारियामातेचा मोठा सण, त्याआधीचे चौदा दिवस श्रद्धाळू ऑर्थोडॉक्स लोक मांस, अंडी, दूध-दही-चीज वर्ज्य करतात. या उपवासाच्या पदार्थांना निस्तीसिमा म्हणतात. तुमच्या आईंचा श्रावण आणि इथल्या आज्यांचा श्रावण एकाच वेळी येतोय म्हणा ना.

जाईजुई

अथेन्सवासी, किती छान लिहिलंत! आईला वाचून दाखवलं. 'तिथला श्रावण' ऐकून ती एकदम खूश. आता तिचा प्रश्न, या सगळ्यात कांदा असतोच का?

अथेन्सवासी

लादेऱ्यात कांदा जवळपास नेहमी असतो, हे आधीच सांगून टाकतो. सकाळीच शिजवलेल्या परातीतून तो काढता येत नाही. पण उकडलेल्या पालेभाज्या, सॅलड, भाजलेली वांगी-मिरच्या ही माणूस बघून तयार होतात. तिथे 'होरिस क्रेमिदी, होरिस स्कोर्दो' म्हणायचं: कांद्याशिवाय, लसणाशिवाय. कागदावर ग्रीक लिपीत लिहून घेऊन जा, दाखवायला सोपं.

खलाशी

एक फार महत्त्वाची दुरुस्ती. निस्तीसिमो म्हणजे शाकाहारी नव्हे!

मी जहाजावर होतो, पिरेयस बंदरात आमचा मुक्काम बरेचदा व्हायचा. आमचा एक सहकारी कट्टर शाकाहारी, राजस्थानचा. कुणीतरी त्याला सांगितलं की लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासात, निस्तीसिमो माग, निर्धास्त खा. त्याने भात मागवला, तर आला तो माकुलं घातलेला. बिचारा उठून गेला आणि दोन दिवस फळांवर राहिला. त्यांच्या नियमात रक्ताचा प्राणी वर्ज्य. ऑक्टोपस, माकुल, कोळंबी, शिंपले उपवासाला चालतात. आणि गुलाबी रंगाची तारामोसालाता नावाची चटणी दिसायला अगदी बिटाच्या कोशिंबिरीसारखी, पण ती माशाच्या अंड्यांची असते. तीही उपवासाची.

म्हणून जाईजुईताई, दोन्ही म्हणा: 'निस्तीसिमो' आणि 'होर्तोफागोस', म्हणजे शाकाहारी. दुसऱ्या शब्दाचा शब्दशः अर्थ गवत खाणारा, पण तोच शब्द बरोबर आहे.

अथेन्सवासी

खलाशी, शंभर टक्के बरोबर. हे मीच लिहायला हवं होतं.

तिखटमीठ

मी वेगळं मत मांडतो. मला ग्रीक जेवण आवडलं नाही. अथेन्समध्ये अशाच एका खानावळीत गेलो होतो, परातीतली फरसबी घेतली. ती गार होती, वर तेलाचा तवंग, आणि तिखटाचा पत्ता नाही. गरम करून द्या म्हटलं तर मालकाने ज्या नजरेने बघितलं ते मी विसरलेलो नाही. आपल्या माणसाला गरमागरम आणि झणझणीत लागतं. ७१ वर्षांच्या बाईंना गार भाजी आणि पाव दोन आठवडे? मिरचीचा ठेचा न्याच.

मंडईकर

तिखटमीठ, नावाला जागलात. पण ती भाजी चुकून गार झालेली नसते हो, मुद्दाम कोमट वाढतात. तेलात शिजलेली भाजी चुलीवरून उतरवली की तासभर बसू देतात, म्हणजे टोमॅटोचा आंबटपणा आणि तेल एकजीव होतं. आपलं भरलं वांगं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, तसंच. आणि तवंग टाकून द्यायचा नाही. पावाने तो पुसून खायचा, त्याला ते पापारा म्हणतात. मी आधी तेल बाजूला काढून भाजी खात होतो, शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खुणेने सांगितलं, पाव घे, बुडव. त्यानंतर मला त्या जेवणाची गंमत कळली.

तिखट नाही हे मात्र मान्य. तिथे चव येते ती लिंबू, ओरेगॅनो आणि तेलातून. जिभेला तीन दिवस लागतात त्याची सवय व्हायला. आपण एकाच जेवणावर निकाल देतो.

तिखटमीठ

तीन दिवस मी दिले नाहीत हे खरं. पण ठेच्याचा मुद्दा सोडणार नाही.

रानभाजी_प्रेमी

माझ्या आवडीचा विषय निघाला, लिहिल्याशिवाय राहवत नाही. होर्ता! म्हणजे पालेभाजी. क्रीटमध्ये डोंगरउतारावर, पडीक शेतात बायका कोयता आणि पिशवी घेऊन रानभाज्या खुडतात. पावसाळा सुरू झाला की इथे भोरला, वेल्ह्याला जे दृश्य दिसतं ना, अगदी ते. तिथला रानभाज्यांचा खरा हंगाम हिवाळा आणि वसंत, पण उन्हाळ्यातही दोन मिळतात आणि त्या दोन्ही तुमच्या आईंना ओळखता येतील. एक व्लीता, ती आपल्या माठाच्या कुळातली. दुसरी ग्लिस्त्रीदा, ती चक्क आपली घोळ! घोळ कच्चीच टोमॅटो-काकडीत घालतात. व्लीता उकडून, निथळून, वर तेल आणि लिंबू. बस्स. कांदा नाही, लसूण नाही. उन्हाळ्यात तिच्याबरोबर कोवळी झुकिनीही उकडतात.

मला पहिल्यांदा ताटात माठ दिसला तेव्हा विश्वास बसेना. आपण फोडणीशिवाय पालेभाजीची कल्पनाच करत नाही. पण नुसत्या उकडलेल्या माठाला त्याची स्वतःची किती चव असते हे मला खान्यात कळलं. घरी आता महिन्यातून दोनदा तसा करते.

झुकिनीची फुलंही शोधा. आपण भोपळ्याच्या फुलांची भजी करतो, ते फुलात भात आणि पुदिना भरून शिजवतात. त्या सारणात कांदा असतो, एवढं बघा.

सुमनमावशी

भेंडीचं कुणीतरी वर लिहिलंय म्हणून विचारते. तेलात आणि टोमॅटोत भेंडी शिजवली तर तार सुटत नाही का? आम्ही कोकम नाहीतर ताक घालतो.

अथेन्सवासी

सुमनमावशी, त्यांचाही उपाय आंबटच. भेंडी देठाशी कोन काढून चिरतात, व्हिनेगर आणि मीठ लावून तास-दोन तास उन्हात ठेवतात, मग धुऊन शिजवतात. शिजताना चमच्याने ढवळत नाहीत, पातेलं धरून हलवतात. तार सुटत नाही.

सुमनमावशी

पातेलं हलवायचं, हे माझी सासूही सांगायची. धन्यवाद रे बाबा.

गोंयचो_पाव

सगळा धागा शाकाहारावर चाललाय, ताईंनी मासे-मटणाचंही विचारलंय. तेव्हा:

मासा किलोवर विकतात. ताटावर भाव नसतो, किलोचा भाव असतो. बर्फावरचा मासा निवडा, तुमच्यासमोर वजन करायला सांगा, आकडा ऐका, मग हो म्हणा. मेनूत पदार्थापुढे फुली किंवा 'कात' असं लिहिलेलं असेल तर तो गोठवलेला. ते सांगणं बंधनकारक आहे. सार्डिन आणि गाव्रोस, म्हणजे छोटी मांदेलीसारखी मासळी, स्वस्त आणि ताजी मिळते, डोक्यासकट तळतात. मला महागड्या माशापेक्षा तीच आवडली.

गायरोस, म्हणजे उभ्या सळईवर भाजून कापलेलं मांस, बहुतेक ठिकाणी डुकराचं असतं, चालत नसेल तर विचारा. क्रीटमध्ये आंतिक्रिस्तो मिळालं तर सोडू नका, कोकराचे मोठे तुकडे निखाऱ्यांभोवती उभे लावून तासन्‌तास भाजतात. मीठ सोडून काही लावत नाहीत.

आणि वाइन सुटी मागवलीत तर ती किलोत येते. 'मिसो किलो' म्हणजे अर्धा किलो. मला पहिल्यांदा वाटलं मी चुकून द्राक्षं मागवली.

पुणेकर_प्रवासी

मूसाकाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? पारंपरिक ग्रीक जेवण म्हणजे मूसाका. आमच्या गाइडने पहिल्याच दिवशी तोच खायला नेलं होतं.

मंडईकर

मूसाका चविष्ट असतो, पण वरचा पांढऱ्या सॉसचा थर तसा अलीकडचा. निकोलाओस त्सेलेमेन्देस नावाचा शेफ होता, घराणं सिफ्नोस बेटाचं. १९२०च्या दशकात त्याचं पाकपुस्तक आलं आणि घरोघरी पोचलं. इतकं की ग्रीकमध्ये पाकपुस्तकालाच 'त्सेलेमेन्देस' म्हणतात. त्याला फ्रेंच पद्धतीचं फार आकर्षण, मूसाक्यावर बेशामेल, म्हणजे तो पांढरा सॉस, आला तो त्याच्यामुळे. त्याआधी वांगं आणि खिमा होताच, पूर्वेकडच्या सगळ्या देशांत आहे तसा. म्हणून मी त्याला पारंपरिक म्हणताना जरा कचरतो.

काळीमिरी

मंडईकर, इथे मी सहमत नाही. शंभर वर्षं घरोघरी रविवारी होणारा पदार्थ पारंपरिक नाही तर मग काय पारंपरिक? त्या हिशोबाने टोमॅटोही ग्रीसचा नाही, बटाटाही नाही, वर लिहिलेल्या लादेऱ्यातली निम्मी परात अमेरिका खंडातून आलेली. आणि आपल्या उपासाच्या ताटाकडे बघा: साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, चारही तिकडचे. म्हणून आजीची साबुदाण्याची खिचडी परंपरेबाहेर होते का?

पदार्थ कुठून आला यापेक्षा तो कोण, कशासाठी, कोणत्या दिवशी रांधतं याला मी परंपरा म्हणेन. १९२२-२३ नंतर स्मिर्ना आणि आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, लाखो निर्वासित ग्रीसमध्ये आले. सोबत जिरं, दालचिनी, मसाल्याचा हात घेऊन आले. सुत्झुकाकिया नावाचे जिरं घातलेले खिम्याचे लांबट गोळे त्यांचेच. आज त्याला कुणी परकं म्हणत नाही. आमचं घर फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलं, म्हणून मला हे जरा जास्त जवळचं वाटतं.

मंडईकर

काळीमिरी, तुमचं म्हणणं पटलं. साबुदाण्याचं उदाहरण तर बिनतोड. कचरणं मागे घेतो. जाईजुई, घरच्यांना मूसाका खाऊ घाला, फक्त मायिरिओतला, दुपारचा, परातीतून कापलेला.

कोल्हापुरी_रस्सा

अवांतर: ग्रीस म्हटलं की मला आमचं टाऊन हॉल म्युझियम आठवतं. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची कांस्याची छोटी मूर्ती सापडली, ती तिथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठी त्यांचा समुद्रदेव! कार्ल्याच्या लेण्यातही खांबांवर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं कोरलेली आहेत. ती मंडळी इथे येऊन काय जेवत असतील, तांबडा नाही तर पांढरा तरी सोसला असेल का, असा विचार नेहमी येतो मनात.

खलाशी

अवांतरावर अवांतर: 'ने' म्हणजे हो आणि 'ओही' म्हणजे नाही. आपल्या कानाला नेमकं उलटं वाटतं. त्यात मान वर करून 'च्‌' केलं की नाही. आईंना आधी सांगून ठेवा. नाहीतर त्या 'नाही, नको' म्हणतील आणि वाढणारी 'ने' ऐकून आणखी वाढेल.

वैद्य_नगरकर

एक विचारायचं राहिलंय. आईंना चीज चालतं का? फेटा हे चीज मेंढीच्या दुधाचं, त्यात ३० टक्क्यांपर्यंत शेळीचं दूध चालतं. पण दूध विरजायला परंपरेने कोकराच्या किंवा करडाच्या पोटातलं रेनेट वापरतात. काही शाकाहारी लोकांना ते चालत नाही. दह्याचा प्रश्न नाही.

जाईजुई

अरे बापरे, हे माहीतच नव्हतं. आईला विचारलं. ती म्हणाली, "समजल्यावर कसं खाऊ? दही आहे ना, पुरे." तर चीज बाद, क्रीटचा तो दाकोस टोस्ट का काय तोही बाद झाला वाटतं.

आणखी एक. मधले दोन सोमवार आहेत, पहिला खान्यात, दुसरा नाक्सोसला. उपासाला काय?

रानभाजी_प्रेमी

दाकोस बाद नाही! बार्लीचा कडक टोस्ट (पाक्सिमादी), त्यावर किसलेला टोमॅटो आणि तेल, चीजशिवाय मागा. टोस्ट पाण्यात जरा भिजवून देतात, दातांना त्रास नाही. अर्थात बार्ली म्हणजे सोमवार सोडून.

सोमवारी: घट्ट दही, वर थाइमचा मध आणि अक्रोड. ऑगस्टमध्ये ताजी अंजिरं, कलिंगड, द्राक्षं. आणि दुसरा सोमवार नाक्सोसला असेल तर तुमच्या आईंचं नशीबच थोर, नाक्सोस बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे! युरोपीय संघाने त्या बटाट्याला भौगोलिक मानांकन दिलंय. उकडून मागा, वर तेल-मीठ. तळलेला घेऊ नका, त्याच तेलात मासे तळलेले असू शकतात.

विदर्भकन्या

फाव्हाबद्दल कुणी लिहिलं नाही. ग्रीसमध्ये फाव्हा म्हणजे पिवळी डाळ शिजवून घोटलेली, वर ऑलिव्हचं तेल. अगदी आपलं घट्ट वरण. सांतोरिनीची फाव्हा ज्या दाण्याची करतात तो आपल्या लाखोळीच्या वंशातला आहे. आमच्या भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत लाखोळी पेरतात, त्यामुळे मला ते वाचून फार आनंद झाला होता. डाळ शिजताना कांदा घालतात, त्यामुळे काकूंना नाही चालणार. पण मुलाला भातासोबत द्या, घर आठवेल त्याला.

पुणेकर_प्रवासी

पावाचे पैसे लावतात का? आमच्याकडून न मागता घेतले होते.

गोंयचो_पाव

हो, 'कुव्हेर' म्हणतात, माणशी थोडेसे असतात, पाव आणि पाणी त्यात. नको असेल तर बसल्याबसल्या सांगा. आणि मेनूवर एक ओळ छापलेली असते, पावती दिली नाही तर ग्राहकाने पैसे देण्याचं बंधन नाही. ती शोधा, मुलाला दाखवा. उलट जेवण झाल्यावर कलिंगडाची फोड, हलवा किंवा क्रीटमध्ये राकी नावाच्या दारूची छोटी बाटली येते, ती फुकट. तिला नको म्हणायचं नसतं. प्यायची नसली तरी पेला उचलून 'या मास', म्हणजे चिअर्स, म्हणा.

सुमनमावशी

हलवा? आपला?

अथेन्सवासी

मावशी, आपला शिराच! रवा ऑलिव्हच्या तेलात बदामी होईपर्यंत भाजतात, उकळता साखरेचा पाक ओततात, दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, बदाम. मग साच्यात घालून मूद पाडतात. दूध-तूप नसल्याने उपवासाला चालतो. प्रमाण इथे लहान मुलांनाही पाठ असतं: एक, दोन, तीन, चार. एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. माझ्या घरमालकीणबाई दर शुक्रवारी करतात. मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा सत्यनारायणाची आठवण झाली, त्यांना प्रसाद म्हणजे काय ते सांगत बसलो होतो.

सुमनमावशी

तीन वाट्या साखर दोन वाट्या रव्याला! पण करून बघणार.

भटकभवानी

मी इतके दिवस नुसतं वाचतेय. मला वाटतं आम्ही सांतोरिनीत चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी जेवलो. रोज रात्री नऊला, सूर्यास्त बघून. जाऊबाईंना हा धागा पाठवलाय.

जाईजुई

धागा वर काढतेय. आलो परत!

मोठं लिहायचंय, पण आधी खान्यातला एक दिवस. शहरापासून तासाभरावर डोंगरातल्या एका गावात गेलो होतो. चौकात मोठं झाड, चार टेबलं, एक ताव्हेर्ना, म्हणजे छोटं घरगुती हॉटेल. दुपारचे दोन. अथेन्सवासींनी सांगितलेला कागद दाखवला. वाढणारी मुलगी म्हणाली, माझी आई आत आहे, तिलाच विचारा. आत साठ-पासष्टच्या बाई, काळे कपडे, हाताला पीठ. कागद वाचला आणि आईकडे बघून काहीतरी विचारलं. मुलीने सांगितलं, "ती विचारतेय, या पण पंधरा तारखेपर्यंत उपवास करतात का?" आम्ही सांगितलं, हो, आमच्याकडचा महिना आहे. बाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मीपण. मग आईचा हात धरून तिला थेट ओट्यापाशी नेलं.

पातेल्यात व्लीता होती. आई म्हणाली, "हा तर माठ!" आणि देठ मोडून दाखवला, असाच सोलतो आम्ही. दोघी उभ्या राहून देठ सोलत होत्या, भाषा नाही काही नाही. बाईंनी आईसाठी वेगळा टोमॅटो किसला, बार्लीचा टोस्ट, भाजलेलं वांगं, माठ, लिंबू. आम्हा तिघांना परातीतले येमिस्ता आणि कोकराचं मटण. आईच्या ताटात शेवटी तेल उरलं, तिने पावाने पुसून घेतलं. बाई बघत होत्या, इतक्या हसल्या!

निघताना आईने वाकून नमस्कार केला, त्यांनी आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. वाळवलेल्या ओरेगॅनोची जुडी दिली, ती आता आमच्या देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलीय. पैसे घेताना आईचं ताट धरलंच नाही.

सगळंच असं झालं नाही. अथेन्समध्ये पहिल्या रात्री एका पर्यटकी ठिकाणी फसलो, सॅलडवर न सांगता कांदा, आई नुसता पाव खाऊन उठली. आणि ऑगस्टमुळे तिथली बरीच छोटी दुकानं बंद होती, अथेन्सवासी, हे आधी कळायला हवं होतं. नाक्सोसचा सोमवार मात्र बटाट्याने तारला, रानभाजी_प्रेमी, तुम्हाला आईचा खास आशीर्वाद.

अथेन्सवासी

ऑगस्टमध्ये अर्धं अथेन्स आपापल्या गावी जातं, ते लिहायचं माझं राहून गेलं, माफ करा. पण देठ सोलण्याचं वाचून डोळे भरून आले.

तिखटमीठ

ठेचा नेला होता का?

जाईजुई

नेला होता. त्या बाईंना चाखायला दिला, त्यांनी पाण्याचा तांब्याच मागितला! मग उरलेली बाटली ठेवून घेतली, लेकाला मटणाबरोबर आवडेल म्हणाल्या.

तिखटमीठ

समाधान झालं. पुढच्या वर्षी क्रीटला जाऊन तीन दिवस देणार.

सुमनमावशी

एक-दोन-तीन-चार करून बघितला गं. साखर अडीचच घातली, मूद छान पडली. तुझ्या आईला विचार, तिथे रवा जाड घेतात की बारीक?

जाईजुई

मावशी, आई म्हणतेय तिथे दोन्ही अर्धा-अर्धा मिसळतात, तिने विचारून घेतलंय. गौरी जेवायच्या दिवशी आमच्याकडे तोच होणार आहे, तेलाऐवजी तुपात.